आठव्या दिवसाचा नळ आणि आमच्या गल्लीतली झाडं

नळाची वाट बघणारी माणसं फार बोलतात. पाणी आठव्या दिवशी येणार हे नक्की असतं, पण किती वाजता ते कुणालाच ठाऊक नसतं. सकाळी नऊ म्हणतात आणि दुपारचे दोन वाजतात. ड्रम, बादल्या, कळश्या रांगेनं मांडून झाल्या की हाताला काम उरत नाही. घरात जाऊन बसवतही नाही, न जाणो तेवढ्यात पाणी यायचं. मग फाटकाशी उभं राहून बोलणं आलं. असं चार महिने बोलत राहिलं की किस्से साठतात. पाण्याचं माहीत नाही, पण किस्से साठवायला ड्रम लागत नाही.

परवा स्टाफरूममध्ये मी त्यातला एक सांगितला, तर बेल झाली तरी कोणी उठेना. म्हणून म्हटलं, सगळेच सांगून टाकावेत.

आमची गल्ली अकोल्यात, गावाच्या कडेला. सात घरं. मी हायस्कूलमध्ये सायन्स शिकवते, आमचे हे कोर्टात क्लार्क आहेत. समोर वानखडे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, सारी नोकरी बडनेऱ्याला गेली. त्यांच्या शेजारी रेहाना आपा, घरीच शिलाई करतात, आणि त्यांचे मिस्टर सलीम भाई, त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून गवई सिस्टर. दवाखान्यात स्टाफ नर्स आहेत, त्यामुळे आख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. चौथ्या दिवशी येणारा नळ सहाव्या दिवसावर गेला, मग आठव्या. मार्च संपता संपता भोंगा लावलेली गाडी गल्लीतून फिरली: नळाचं पाणी झाडांना घालू नये, गाड्या धुऊ नये. त्यावर कोणी वाद घातला नाही. प्यायलाच पुरत नाही तिथं झाडांना कुठून घालणार? पण आमच्या गल्लीला झाडांचा नाद आहे. अंगणात जागा नसेल तर गच्चीवर, गच्ची नसेल तर जिन्यात, पण कुंडी असतेच. गाडी वळून दिसेनाशी झाली आणि आम्ही सगळे आपापल्या कुंड्यांकडे बघत उभे राहिलो.

*

पहिला मार्ग वानखडे काकांनी शोधला.

काकांकडे अकरा गुलाब. भांडी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी गाळून द्यायचं ठरलं, पण बादलीनं घातलं की अर्धं वाहून जायचं. थेंब थेंब द्यायला हवं. काका सिस्टरांकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात सलाईनच्या रिकाम्या बाटल्या अशीनच. चार-पाच आना ना."

सिस्टर म्हणाल्या, "नाही जमत, काका. ते वापरलेलं सामान बाहेर नेता येत नाही."

काका सरळ मेडिकलमध्ये गेले. तिथलं बोलणं त्यांनीच आम्हाला नंतर सांगितलं.

"तीन सलाईन द्या, नळीसकट."

दुकानदारानं विचारलं, "पेशंट कोण हाय?"

"गुलाब."

"वय?"

"चार वर्षं."

दुकानदाराचा हात थांबला. "काय होऊन राहिलं त्याले?"

"दोन दिवसांपासून मान टाकून देल्ली हाय."

"अन् तुमी इथं काय करून राहिले? दवाखान्यात न्या त्याले!"

"कोणाकोणाले नेऊ?" काका म्हणाले. "अकरा हायत. समद्यायनं मान टाकली."

शेवटी उलगडा झाला आणि दुकानदारानं हसत बाटल्या दिल्या. पण काकांनी घरी येऊन एक चूक केली. बाटलीत आधीपासून असलेलं सलाईन फेकवेना. माणसाला ताकद येते तर झाडाला का नाही येणार, असं म्हणून त्यांनी पहिली बाटली तशीच लावली, तीही सगळ्यात लाडक्या गुलाबाला. काळपट लाल फुलांचा तो गुलाब त्यांनी बडनेऱ्याच्या क्वार्टरमधून रिटायर होताना आणला होता. चार दिवसांत पानांच्या कडा जळल्या. आठवड्यात झाड गेलं.

सिस्टर बघायला आल्या. मातीला बोट लावून म्हणाल्या, "काका, सलाईनमध्ये मीठ असते. आपल्या रक्तातही असते, म्हणून आपल्याले चालते. गुलाबाचं रक्त वेगळं हाय."

काका उठून घरात गेले. दोन दिवस फाटकाशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सिस्टर ड्युटीला जाण्याआधी स्वतःच त्यांच्याकडे गेल्या. उरलेल्या बाटल्या धुतल्या, गाळलेलं पाणी भरलं, नळीचं चाक फिरवून घड्याळाकडे बघत थेंब मोजले.

"मिनिटाले पंधरा," त्या म्हणाल्या. "जास्त नका वाढवू, सूज येते."

दहा गुलाब जगले. अकराव्याची जागा काकांनी तशीच ठेवली. रिकामी.

*

काकांचा दुसरा शोध याहून सोपा होता. आंघोळीचं पाणी मोरीत जातं, ते वाया. मग मोरीतच कशाला आंघोळ करायची? त्यांनी अंगणात दोन दोऱ्या बांधल्या, जुनी लुगडी आडवी टाकली आणि आतमध्ये गुलाबांच्या वाफ्यात एक दगड मांडला. रोज सकाळी त्या दगडावर बसून बिनसाबणाची आंघोळ. रोज दगड एक झाड पुढे.

"आज तिसऱ्याचा वार," असं ते आतून ओरडून काकूंना सांगायचे, म्हणजे पाणी कुठे आणून द्यायचं ते त्यांना कळावं.

मी एकदा काकूंना म्हटलं, "काकू, त्रास होत असेल ना तुम्हाला? रोज बाहेर पाणी आणून द्यायचं."

काकू लुगड्याच्या त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "त्रासाचं काय घेऊन बसली बाई. लग्नाले चाळीस वर्षं झाले. हा माणूस रोज आंघोळ करून राहिला, हे मी पयल्यांदाच पाहून राहिली."

*

रेहाना आपांकडे एकच झाड, मोगऱ्याचं. त्यांचं माहेर परतवाड्याचं. अब्बा गेले तेव्हा घरच्या मोगऱ्याची एक फांदी त्यांनी ओल्या कापडात गुंडाळून आणली आणि ती इथे लागली. त्यामुळे त्या झाडाबद्दल आपा हसतखेळत बोलत नसत.

एप्रिलमध्ये त्यांनी मोगऱ्याशेजारी खड्डा खणला आणि त्यात एक जुना, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत पुरला. रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी त्यात ओतायचं आणि वर ताटली झाकायची. बस. माठ पाझरतो, माती ओली राहते, मुळं आपली आपण येऊन पितात. अब्बा परतवाड्याला वांग्याच्या रोपांना असंच करायचे.

मला हे फार आवडलं. सायन्सची बाई आहे, गप्प कशी बसणार? मी म्हटलं, "आपा, हा माठ रोज किती पाझरतो ते मोजू या."

आपांनी शिलाईची टेप दिली. एका काडीवर खडूच्या खुणा करून आम्ही सकाळी आणि संध्याकाळी माठातली पातळी मोजायला लागलो. मी वही केली. तारीख, ऊन किती, पाणी किती बोटं उतरलं.

ऊन वाढलं की पाणी जास्त उतरायचं. हे बरोबरच होतं. पण दर शुक्रवारी ते निम्म्यानं कमी उतरायचं. पहिल्या शुक्रवारी मी म्हटलं, ढग असतील. दुसऱ्या शुक्रवारी ऊन अगदी कडक होतं, तरी तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी वारा बघितला, सावली बघितली, माठ हलवून बघितला. आमच्या ह्यांना विचारलं, "मोगरा शुक्रवारी कमी का पीत असेल?"

हे म्हणाले, "उपास धरत असीन."

चौथ्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागली होती. भर दुपारी मी आपांकडे ब्लाऊज आणायला गेले, तर सलीम भाई मोगऱ्याजवळ उकिडवे बसलेले. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात ग्लास. त्यांनी माठात ग्लास बुडवला आणि शांतपणे पिऊन टाकला. मग दुसरा.

"सलीम भाई, हे काय?"

ते जरा दचकले. म्हणाले, "मॅडम, दुकानातून जेवाले येतो तवा जीव कासावीस होते. घरात लाईन नसते, फ्रिज बंद. पूरे घर में सबसे ठंडा पानी यहीच है."

मी विचारलं, "आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी नमाज असते. मंग भाईजानकडेच जेवतो."

मोजमापाची वही मी मनातल्या मनात मिटली. तेवढ्यात आपा मशीन थांबवून दारात आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ते चावल धोया हुआ पानी है."

सलीम भाईंनी ग्लासात उरलेल्या घोटाकडे पाहिलं. म्हणाले, "मी म्हणलं, माठालेच चव हाय."

*

एप्रिल अर्धा झाला तेव्हा वापरलेलं पाणीही पुरेना. दर घरी रोज एक बादली झाडांसाठी निघायची आणि कुंड्या वीस-पंचवीस. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवायला मन धजत नव्हतं. म्हणून आम्ही सिस्टरांना बोलावलं.

त्या म्हणाल्या, "आमच्याकडं एकदम लय पेशंट आले तर रंग लावतात. लाल म्हणजे याले आधी पाहा. पिवळा म्हणजे थांबू शकते. हिरवा म्हणजे बरा हाय. अन् ज्याच्यावर हात लावून उपयोग नाही, त्याले काळा."

काळं कुणाच्या दारात बांधवेना, म्हणून पांढरं ठरलं. आपांनी चार रंगांच्या रिबिनी कापून दिल्या आणि सिस्टर घरोघर फिरल्या. पद्धत अशी की मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. मग फांदी नखानं खरवडून बघायची, आत हिरवं दिसतं का. मग क्षणभर थांबून रिबीन बांधायची. कुणी मध्ये बोलायचं नाही.

आमच्या घरी त्यांनी कढीपत्त्याला लाल बांधली, लिंबाला पिवळी, कोरफडीला हिरवी. जिन्याखालच्या क्रोटनला पांढरी. ते क्रोटन आमच्या ह्यांचं. हे मान वळवून उभे राहिले.

सिस्टर जाताना मला म्हणाल्या, "दवाखान्यात हे मले कधी ठरवू देत नाहीत, मॅडम. डॉक्टर ठरवतात. मले वाटत होतं, त्याहीले सोपं जात असीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली भरून झाडांकडे निघाले आणि बैठकीतून जाताना थांबले. आमच्या कूलरला, वरच्या जाळीला, लाल रिबीन बांधलेली होती. छान गाठ मारून.

अकोल्याच्या एप्रिलमध्ये या गोष्टीवर भांडण करता येत नाही. मी अर्धी बादली कूलरमध्ये ओतली आणि उरलेली घेऊन बाहेर गेले.

*

त्या पांढऱ्या रिबिनीच्या क्रोटनचं पुढे असं झालं.

पंधरा दिवस त्याला पाणी नव्हतं. निम्मी पानं गळाली. एका सकाळी जिना झाडताना मला उरलेल्या पानांत वाटीएवढं घरटं दिसलं. बुलबुलाचं. आत तीन अंडी, गुलाबीसर, तपकिरी ठिपक्यांची. मादी समोरच्या तारेवर बसून माझ्यावर रागावत होती.

मी ह्यांना उठवलं. हे सिस्टरांना बोलवायला गेले. सिस्टर नुकत्याच ड्युटीहून आलेल्या, युनिफॉर्मवरच आल्या. लांबूनच त्यांनी बघितलं. जिन्याखाली दुपारचं तिरपं ऊन येतं, पानं गेली तर सावली जाणार, आणि सावली गेली तर अंडी उन्हात शिजणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. त्या पुढे झाल्या, खालच्या फांदीची पांढरी रिबीन सोडली आणि खिशात ठेवली.

"लाल आना," त्या म्हणाल्या. "हा आता मॅटर्निटी वॉर्ड हाय."

मग त्या क्रोटनला पाणी कुठून आलं ते विचारू नका. काकू ताकाचं भांडं विसळलेलं पाणी आणून द्यायच्या. आपांनी अस्तराच्या उरलेल्या कापडाचा आडोसा शिवला, रंग मुद्दाम मळका निवडला, पक्षी बुजू नये म्हणून. आमचे हे कोर्टातून आले की चपला बाहेर काढून मांजरासारखे पावलं न वाजवता जिन्याखालून जायचे.

तीनपैकी दोन अंड्यांतून पिल्लं निघाली. मेच्या मध्यावर पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि त्यातलं एक पिल्लू दुपारी घरट्यातच मेलं. दुसरं तोंड उघडं टाकून धापा टाकत होतं, पण राहिलं. त्याला पंख फुटले, ते काठावर येऊन बसायला लागलं. आता उडेल, मग उडेल म्हणून आम्ही पाच-सहा जण पाळी लावून बघत होतो.

आठव्या दिवशी नळ आला. सगळे बादल्या घेऊन धावलो. तासाभरानं पाणी गेलं, ड्रम झाकले आणि जिन्याखाली येऊन बघितलं तर घरटं रिकामं. तारेवर तीन बुलबुल बसले होते.

इतके दिवस वाट बघून ते उडताना कुणीच बघितलं नाही.

*

माझं नेच्याचं झाड वाचायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. नेच्याला दमट हवा लागते आणि आमच्याकडे तर ओठ फुटत होते. माझी ताई अमरावतीला राजापेठेत राहते. तिच्याकडे त्या मानानं पाणी बरं होतं आणि मागच्या बाजूला सावलीची बाल्कनी. ठरलं, नेचा अमरावतीला हलवायचा. काकांना बडनेऱ्याला काम होतंच. मी कुंडी ओल्या गोणपाटात बांधली आणि आम्ही दोघं पॅसेंजरनं निघालो.

डब्यात काकांनी कुंडी मांडीवर घेतली. समोर एक बाई बसल्या होत्या. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांना राहवेना.

"कोठी घेऊन चालले हे?"

"अमरावतीले. हवापालट कराले," काका म्हणाले.

"पाणी नाही काय तुमच्या गावाले?"

"आठ दिवसाआड."

बाईंनी पिशवीतून बाटली काढली, तळाला दोन घोट होते. ते त्यांनी नेच्यावर शिंपडले. म्हणाल्या, "मी उतरूनच राहिली आता." शेजारच्या कॉलेजच्या पोरीनं आपली बाटली रिकामी केली. मग खिडकीतल्या माणसानं. जो उतरणार तो उरलेलं पाणी नेच्याला देऊन उतरायला लागला. बडनेरा आलं तेव्हा काकांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि नेचा महिन्याभरात नव्हता इतका टवटवीत दिसत होता.

पाऊस सुरू झाल्यावर मी ताईला फोन केला, "कधी येऊ घ्यायला?"

 ताई म्हणाली, "घ्याले कावून येते? ते इथं रुळलं आता. तू भेटाले येत जा ना."

*

आता हा माझ्या नालायकपणाचा.

आमच्या मागच्या अंगणात कुंडीत पांढरा चाफा आहे. म्हणजे होता. सिस्टरांनी त्याला पिवळी रिबीन बांधली होती, थांबू शकते म्हणून. पण मार्चमध्येच त्याची सगळी पानं गळाली होती आणि नुसती बोटांसारखी राखाडी खोडं उभी होती. मला बघवेना. सासूबाईंनी लावलेला चाफा तो. रिबीन काही म्हणो, मी रोज आपल्या वाट्याच्या प्यायच्या पाण्यातला एक तांब्या त्याला घालायला लागले. कुणाला सांगितलं नाही. रोज घातलं, न चुकता, दीड महिना.

मेच्या शेवटी रस्त्याकडेचे, कुणीही पाणी न घातलेले चाफे फुलांनी भरले. माझा तसाच. मी खोडाला हात लावला तर अंगठा आत गेला. आत सगळं मऊ, काळं.

सिस्टर आल्या. खोड दाबून पाहिलं, वास घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय.

"मॅडम, हा तहानेनं नाही गेला."

"मग?"

"पानं गळाली का चाफा झोपते. त्याले झोपेत पाणी पाजलं कोणीतरी."

वनस्पती पानं गाळून पाणी कसं वाचवतात, हा धडा मी दर वर्षी शिकवते. आकृती काढून. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. आमचे हे जवळ येऊन बसले. म्हणाले, "एवढ्या दुष्काळात बुडून मेलेलं हे एकच झाड अशीन अकोल्यात."

मला हसू आलं. पण मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

गल्लीच्या टोकाला इंगोले काकूंचं घर. होळी झाली आणि त्या घराला कुलूप लावून मुलाकडे पुण्याला गेल्या. त्यांच्या आवारात भिंतीला लागून उंबराचं एक झाड आहे, फार मोठं नाही, पुरुषभर उंचीचं. मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की सगळ्या गल्लीत तेवढंच हिरवं आहे. नुसतं हिरवं नाही, त्याला नवी तांबूस पालवी येत होती. घर बंद, नळाची तोटी बंद, अंगणात कुणी नाही.

फाटकाशी हा विषय निघाला. काका म्हणाले, "मूळ खोल गेलं अशीन." सलीम भाई म्हणाले, "पाईप लीक हाय खालून." तसं असेल तर वाईटच, एवढं पाणी जमिनीत जातंय. मी फाटकाच्या गजांतून हात घालून माती बघितली. ओली. नळाचा दिवस नव्हता, तरी ओली. दुसऱ्या दिवशीही ओली.

मला चैन पडेना. सुट्ट्या होत्या, पेपर तपासायचे होते. मी पेपरांचा गठ्ठा घेऊन आमच्या वरच्या खिडकीत बसले. तिथून इंगोले काकूंची भिंत सरळ दिसते.

साडेसहाला वानखडे काका आले. हातात प्लास्टिकचा मग. रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, भिंतीवरून मग उलटा केला आणि फिरायला निघाल्यासारखे निघून गेले. सातला रेहाना आपा ओढणीखाली डबा घेऊन आल्या, ओतला आणि पाऊण मिनिटात परत. आठच्या सुमारास सिस्टर ड्युटीहून आल्या. भिंतीशी थांबून पर्समधून बाटली काढली. स्वतः एक घोट प्यायल्या, उरलेलं झाडाला. शेवटी सलीम भाई स्कूटर ढकलत आले, सीटखालून कॅन काढला.

आणि मी? मी कशाला खोटं बोलू? एका तांब्यानं एवढी ओल राहत नाही हे मला ठाऊक होतं, कारण तो तांब्या माझा होता. मी रोज सहाला घालत होते. चाफ्याचं झालं ते झालं, पण बंद घरातल्या झाडाकडे बघणारं कोणीच नाही, हे मनातून जात नव्हतं.

पुढच्या नळाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आधी माझं, मग त्यांचं. कोणी कोणाकडे बघेना. मग वानखडे काकू हसल्या आणि सगळेच हसले. सलीम भाई म्हणाले, "मले वाटत होतं, मी एकटाच पागल हाय." सगळ्यांना इतकं बरं वाटलं की इंगोले काकूंना फोन करायचं ठरलं. त्यांनाही आनंद होईल. आमच्या ह्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

काका म्हणाले, "वैनी, तुमचा उंबर मस्त हाय. पालवी फुटून राहिली त्याले."

 इंगोले काकू म्हणाल्या, "जित्तं हाय काय ते?"

"हिरवंगार."

"अवो, त्याच्यापायी माह्या भिंतीले तडा गेला. पार घरापर्यंत येऊन राहिला तडा. उंबर आपल्या हातानं तोडत नाही म्हून मी त्याले उन्हात वाळाले सोडून आली. म्हणलं दोन-तीन महिन्यात आपलं आपण जाईन. त्याले पाणी कोण देऊन राहिलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"काय मालूम," काका म्हणाले.

"देऊ नका म्हणा कोणाले."

"सांगतो."

फोन बंद झाला. आपांनी हळू आवाजात विचारलं, "मग आता?"  तेवढ्यात नळाला फसफस झाली, पाणी आलं आणि सगळे आपापल्या ड्रमकडे पांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तांब्या घेऊन गेले. माती आधीच ओली होती.